हात आत आहे

"अंबादास, गाडीला हात लावायचा नाही," श्यामसुंदरसाहेब म्हणाले आणि समोरची फाइल त्यांनी मिटली.

त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं. साहेबांचा आवाज चढला नव्हता. आवाज चढवणाऱ्यांपैकी ते नव्हतेच. कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, संस्थेचं चिटणीसपद बिनपगारी सांभाळणारे, दिवाळीला एकेका कामगाराच्या खोलीवर स्वतः जाऊन फराळाचा पुडा देणारे गृहस्थ. अंबादासने मान हलवली, केबिनचं दार ओढून घेतलं आणि मुलुंडच्या त्या आवारात शिरीषाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या ट्रककडे तो चालू लागला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की आपले दोन्ही हात पँटच्या खिशात आहेत. कधी घातले, कळलंच नाही. पंचवीस वर्षांपूर्वी तो असाच चालायचा. ती सवय मोडायला त्याला दहा वर्षं लागली होती, आणि परत लागायला एक वाक्य पुरलं. तो जागीच थांबला. हात बाहेर काढून त्याने उन्हात धरले. उजवा धडधाकट, ग्रीस मुरलेला. डावा जरा वाळका, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं, मूठ सोडली तरी न सुटणारं. हात लावायचा नाही. मग सात वर्षं गाडी चालवतो ती काय पायाने? साहेब फक्त गाडीबद्दल बोलत होते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण ते वाक्य साहेबांच्या आधी पुष्कळांनी वापरून गुळगुळीत केलेलं होतं, त्याला साहेब तरी काय करणार.

ट्रक परदेशातल्या कुठल्याशा मंडळाने संस्थेला दिलेला. छोटा, पेट्रोलवर चालणारा, पाठीवर पांढरा डबा आणि डब्यात दवाखाना: एक बाक, पाय धुवायची दोन घमेली, पाण्याचा पिंप, औषधांचं कपाट, खाली हिरवं लिनोलियम. सोमवारी गोवंडी, गुरुवारी मार्व्याच्या धक्क्यापर्यंत गाडी आणि पुढे होडीने मनोरी. कुष्ठरोग्यांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि महिन्यातून एकदा लाल गोळी सिस्टरच्या डोळ्यांदेखत गिळायला लावायची. ती गोळी चुकवून चालत नाही. गेल्या पंधरवड्यात गाडी बंद पडली ती पडलीच. या गाडीचा पंप इतर गाड्यांसारखा इंजिनाच्या कुशीला नव्हता, पेट्रोलच्या टाकीच्या आत बुडवलेला होता. तो जळला होता. नवा पंप पार्सलने आलाही होता, मालनसिस्टरच्या कपाटात कापसाच्या गुंडाळ्यांमागे पडून होता. अडलं होतं ते टाकीपाशी. पंप टाकीच्या माथ्यावर, माथ्यावर दोन इंचांवर डब्याचा तळ, म्हणून टाकीच खाली उतरवायला हवी, असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं. आणि टाकी बांधून ठेवणारे बोल्ट मार्व्याच्या खाऱ्या वाऱ्याने गंजून लोखंडाशी एकजीव झालेले. दोन दिवस गाडीखाली उताणा पडून अंबादासने ते तेलात भिजवले, ठोकले, पाना लावून त्याला लटकला. एकाचं डोकं तुटलं, बाकीचे हलले नाहीत. आता ते गॅसने कापायचे म्हणजे पेट्रोलच्या टाकीला आग दाखवायची. त्यापेक्षा वरून जावं. डब्याच्या तळाला फूटभर चौकोन कापला की पंप सरळ हाताशी. हेच सांगायला तो साहेबांकडे गेला होता. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, देणगीची वस्तू आहे, पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार आहेत, तळाला भोक पाडलेली गाडी दाखवायची का त्यांना? शिवाय खाली पेट्रोल. दिल्लीला पत्र लिहिलंय, त्यांचा माणूस येईल. कधी येईल, ते दिल्लीलाच माहीत.

मालन पायरीवर बसून पट्ट्या गुंडाळत होती. रत्नागिरीकडची, तिशीतली, फटकळ. त्याचा चेहरा बघून तिने विचारलंच नाही. "मी बसने जाऊन आले रे भाऊ गोवंडीला," ती म्हणाली, "पिशवीत किती मावणार? शेवंतीबाईंची टाच बघवत नाही. मला म्हणाल्या, गाडी नाही आली म्हणजे आम्हाला सोडलं ना तुम्ही?" तिने पट्टीचं टोक दातात धरून फाडलं. "मी काय सांगू त्यांना? दिल्लीला पत्र गेलंय?"

सोडलं ना तुम्ही. अंबादास टायरला टेकून बसला. जालन्याकडच्या त्या गावात भीमराजने, त्याच्या थोरल्या भावाने, एकट्याने जाऊन गावच्या आडावर घागर लावली होती. डोकं फुटेस्तोवर मार खाल्ला, पण घागर भरून घरी आणली. ते पाणी आईने, सोनूबाईने, सगळ्यांना ओंजळ ओंजळ दिलं, तेव्हा अंबादास चौदा वर्षांचा होता आणि आपला भाऊ म्हणजे डोंगर आहे असं त्याला वाटलं होतं. त्यानंतर पाच वर्षांनी अंबादासच्या कोपरावर चट्टा आला, गुळगुळीत, फिकट, टाचणी टोचली तरी न कळणारा, आणि त्याच भीमराजने एके दिवशी अंगणात खाट टाकून, तिकडे बघत, त्याच्याकडे न बघता म्हटलं, "घागरीला हात नको लावू, आंबू. लेकरं आहेत घरात." मग तो रडला. भीमराज रडला, अंबादास नाही. अंबादासला फक्त एवढं समजेना की आडावर मार खाताना या माणसाला जे ठाऊक होतं ते आता कुठे गेलं. पुढे मुंबई आली, औषध आलं, वर्षानुवर्षं गोळ्या, आणि डॉक्टर म्हणाले, बरा झालास. रोग गेला, हात तेवढा तसाच राहिला. एकदा या हाताने त्याने तापलेल्या सायलेन्सरचा आधार घेतला होता. शेजारी कुणीतरी काहीतरी भाजतंय असा वास आला म्हणून त्याने मान वळवून बघितलं, आणि मग खाली बघितलं. ज्यांना दुखत नाही त्यांनी रोज संध्याकाळी आपला हात बघायचा असतो, वर्तमानपत्र वाचावं तसा वाचायचा असतो, हे मालनने त्याला शिकवलं होतं. कुठे लाल, कुठे फोड, कुठे कापलंय. पाहुणे आले की साहेब त्याला बोलावून घेत. "धिस इज अवर अंबादास. कम्प्लिटली क्युअर्ड." पाहुणे हसून नमस्कार करत. साहेबही कौतुकाने हसत. त्या सात वर्षांत साहेबांनी फाइल दिली, पुडा दिला, चावी दिली, सगळं टेबलावर ठेवून दिलं. त्याने ते मोजलं नव्हतं. पण अंगाला ते माहीत होतं, जसं डाव्या हाताला माहीत नसलेलं सगळं उजव्याला माहीत असतं.

शनिवारी दुपारी तो घाटकोपरला भटवाडीत लवूच्या शेडवर गेला. लवू कोकणातला, गिरणीच्या फिटर खात्यात वीस वर्षं काढलेला. संपात नोकरी गेली आणि आता टेम्पोंचे पत्रे ठोकायचा. अंबादासने खडूने जमिनीवर चौकोन काढून दाखवला. लवू बिडी विझवून बघत राहिला.

"तुका काय येड लागलाहा काय रे?" तो म्हणाला. "खाली पेट्रोल, आणि वर तू छिन्नी मारतलंस?"

"छिन्नी नाही. हातड्रिलने बारीक भोकं पाडायची, एकाला एक लागून. मधलं पात्याने कापायचं, हळू, ग्रीस लावून. ठिणगीच नाही. टाकीचं तोंड तोवर बंद. बॅटरी काढून ठेवायची. टाकीवर ओलं गोणपाट सरकवायचं."

"आणि तुझो तो हात?"

असं तोंडावर विचारणारा लवू एकटाच. अंबादासला बरं वाटलं. "त्याच्यावर डोळा ठेवायचा," तो म्हणाला.

लवूने चौकोनाभोवती आणखी एक मोठा चौकोन काढला. "झाकण भोकापेक्षा इंचभर मोठा होया सगळीकडसून. खाली रबराची पट्टी. धा स्क्रू. मी करून देतंय." मग जरा थांबून म्हणाला, "उद्याच उरकून टाक. रविवार आसा, हापिस बंद."

"रविवारी नाही. सोमवारी. दिवसाढवळ्या."

"नोकरी जातली, आंबादास."

"जाऊ दे. चोरून केलं तर ती चोरी होईल. मी काय चोरी करतोय?"

लवू हसला नाही. संपाच्या वेळी त्यानेही असंच काहीतरी कुणालातरी ऐकवलं असावं, कारण तो नुसता उठला, फळीवरचं हातड्रिल उतरवलं, त्याचे दाते तपासले आणि फडक्यात बांधून अंबादासच्या मांडीवर ठेवलं. हातात दिलं असतं तरी चाललं असतं, हे ध्यानात येऊन त्याने ते परत उचललं आणि हातात दिलं.

सोमवारी सात वाजता अंबादासने बॅटरीच्या तारा सोडल्या, दवाखान्यातलं सामान उतरवून शिरीषाखाली मांडलं, आणि डब्याची दारं सताड उघडी टाकली. रखवालदार येऊन बघून गेला. स्वैपाकघरातल्या बाया चहाचे कप घेऊन लांब उभ्या राहिल्या. तो गाडीखाली गेला, सुतळीने मापं घेतली, वर आला, तीच मापं लिनोलियमवर टाकली, परत खाली गेला, परत वर. माप चुकलं तर चौकोन पंपावर न येता भलत्याच जागी येईल आणि मग साहेबांचं म्हणणं खरं ठरेल. लिनोलियम सुरीने कापून उलटलं तेव्हा खालचा पत्रा दिसला, राखाडी रंगाचा, कुणाचाही पाय न लागलेला, आणि क्षणभर त्याचा जीव थबकला. सात वर्षं ज्या तळावर तो वावरला, त्याचं कातडं आपण सोललंय असं वाटलं. मग त्याने ड्रिल टेकवलं. उजव्या हाताने दांडा फिरवायचा, डाव्याने वरून दाबायचं. पत्रा कुरकुरला. चांदीच्या केसासारखा कीस वर आला. पहिलं भोक पडलं आणि ड्रिल एकदम आत जाऊ बघतंय तोच त्याने ते रोखलं. भोकाला नाक लावून वास घेतला. ओल्या गोणपाटाचा वास, आणि त्याखाली लांबून येणारा पेट्रोलचा गोडसर वास. टाकी शाबूत होती. दुसरं भोक. तिसरं. विसाव्या भोकानंतर त्याने मोजणं सोडलं. उजवा खांदा पेटला, घाम डोळ्यांत उतरला, आणि दर पाच मिनिटांनी तो थांबून डावा हात उलटासुलटा करून बघायचा, परक्याचा हात बघावा तसा. त्याला भीती वाटत होती. ती नाही असं त्याने स्वतःला सांगितलंही नाही. पण भीतीखाली दुसरं काहीतरी होतं, भीमराज घागर घेऊन आडाकडे निघाला तेव्हा त्याच्या पाठीत जे ताठ झालं होतं तसलं. गंमत म्हणजे त्या क्षणी भावाचा रागही त्याला येईना. भीमराजला आड दिसला होता, कोपर दिसलं नाही. एका माणसाला किती म्हणून दिसणार. उरलेलं दुसऱ्याने बघायचं.

मालन नऊला आली. तिने पाण्याची बादली आणि वाळूची बादली पायरीशी आणून ठेवली, कपाटातला पंप काढून पुसला, आणि दारात उभी राहिली. साडेनऊला शेवटचं पातं चाललं, चौकोन सुटला, आणि अंबादासने तो दोन बोटांनी अलगद वर उचलला. खाली गोणपाट. ते बाजूला सारलं. टाकीचा काळा माथा, त्यावर धुळीत बसलेलं पंपाचं गोल झाकण, बरोबर मध्ये. सुतळी चुकली नव्हती. "अगं बाई," मालन म्हणाली आणि हसायलाच लागली.

झाकणाची कडी लाकडी ठोकळ्याने ठोकून फिरवायची होती. तिच्यामागची, पंपाला वीज देणाऱ्या तारेची खीळ मात्र ठोकून निघणारी नव्हती. ती पलीकडच्या बाजूला होती, डोळ्यांना न दिसणारी, बोटांनीच शोधायची. चौकोनातून दोन्ही हात घालावे लागले, डाव्याने तार ओढून धरायची, उजव्याने खिळीची जीभ दाबायची. तो पालथा पडला. गाल लिनोलियमला लागला. उजव्या बोटांना जीभ सापडली, निसटली, परत सापडली. कडी सैल झालेली, पेट्रोलची वाफ आता तोंडावर येत होती. आणि तेव्हा आवारातल्या खडीवर बूट वाजले.

"अंबादास!" श्यामसुंदरसाहेब डब्याच्या दाराशी होते. "हे काय केलंस? कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही साहेब."

"मी तुला नाही म्हटलं होतं."

"होय साहेब. म्हटलं होतं."

"मग बाहेर ये. आत्ताच्या आत्ता बाहेर ये."

अंबादासने मान वळवली नाही. वळवता आलीही नसती. "हात आत आहे, साहेब," तो म्हणाला.

त्या चार शब्दांत उद्धटपणा होता की नुसती माहिती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण ते म्हटल्यावर त्याला एकाएकी श्वास पुरला. कितीतरी वर्षांनी छातीच्या तळापर्यंत गेलेला श्वास, पेट्रोलच्या वाफेसकट. "वाफ आहे," तो पुढे म्हणाला, "तुम्ही मागे व्हा."

साहेब मागे झाले नाहीत. ते भ्याले असतील किंवा इंजिनिअर होते म्हणूनही असेल, ते तिथेच वाकून बघत राहिले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "रक्त येतंय तुझ्या हातातून."

कापलेल्या पत्र्याच्या कडेवर डावं मनगट टेकलं होतं आणि कडेवरून टाकीच्या माथ्यावर थेंब पडत होते. अंबादासने ते आत्ता पाहिले. "तो हात मला कळत नाही," तो म्हणाला. "सिस्टर, फडकं घाल कडेवर." मालन गुडघ्यावर आली, हात घालून मनगटाखाली फडकं सारलं, आणि त्याच वेळी उजव्या बोटाखाली जीभ दबली, तार सुटली, जुना पंप त्याच्या हातात आला, ओला, थंड, मेलेल्या माशासारखा जड. नवा बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. कडी आवळली, लवूचं झाकण रबरासकट बसवलं, दहाच्या दहा स्क्रू पिळले, डबा अर्धा तास वाऱ्याला मोकळा ठेवला. मालनने तेवढ्यात टाके न घालता घट्ट पट्टी बांधली. बॅटरी लावून त्याने किल्ली फिरवली, तर मागून पंपाची बारीक गुणगुण आली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं.

साहेब अजून तिथेच होते. "किल्ली दे इकडे," ते म्हणाले.

"संध्याकाळी देतो," अंबादास म्हणाला. "आज गोवंडी आहे."

गोवंडीला वस्तीच्या तोंडाशी गाडी दिसली तेव्हा माणसं धावली नाहीत. धावता येणारे पाय त्यांच्यातल्या थोड्यांनाच होते. ती एकेक करून आली, काठ्या टेकत, फडकी सावरत. शेवंतीबाई सगळ्यांत शेवटी. पायरी चढून त्यांनी तळाकडे पाहिलं, लिनोलियमच्या मध्ये चकाकणारा नवा पत्रा, आणि पाय आखडून घेतला.

"हे काय झालं रे गाडीला?"

"ऑपरेशन," मालन म्हणाली.

"पाय दिला तर चालतो का?"

"द्या की," अंबादास म्हणाला, "उभ्याच राहा त्याच्यावर." आणि त्या उभ्या राहिल्या, दोन्ही पाय ठेवून, आणि गोळी तिथेच गिळली.

संध्याकाळी केबिनमध्ये टंकलेला कागद टेबलावर तयार होता. साहेबांनी तो त्याच्याकडे सरकवला. दिवसभरात ते थकल्यासारखे दिसत होते. "समितीला काहीतरी द्यावं लागेल," ते म्हणाले. "मी तुला सांभाळून लिहिलंय. सही कर, म्हणजे विषय संपेल." अंबादासने कागद उजेडाकडे धरला. 'मी नजरचुकीने व घाईत संस्थेच्या वाहनाचा तळ कापला, याबद्दल दिलगीर आहे.' त्याने तो दोनदा वाचला. साहेबांनी खरंच सांभाळून लिहिलं होतं. नजरचुकीने. ज्या सुतळीने तो सहा वेळा खालीवर झाला होता ती त्याला आठवली, ती विसाव्यानंतर न मोजलेली भोकं आठवली, आणि या एका शब्दाने ते सगळं काम त्याच्याकडून काढून घेतलं जातंय असं त्याला वाटलं. जणू तो हात त्याचा नव्हताच, चुकून तिथे गेला होता. त्याने टेबलावरचं पेन न विचारता उचललं. 'नजरचुकीने व घाईत' यावर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'विचार करून व मापं घेऊन'. 'दिलगीर आहे' यावर दुसरी रेघ मारली. खाली पूर्ण नाव घातलं.

"असं लिहिलंस तर मला तुला गाडीवरून उतरवावं लागेल," साहेब म्हणाले.

"उतरवा. पण गुरुवारी मनोरी आहे. नवा माणूस येईल त्याला सांगा, पंप कधी गेला तर टाकी सोडायची नाही. दहा स्क्रू आहेत." त्याने किल्ली पुढे केली. टेबलावर ठेवली नाही, पट्टी बांधलेल्या हातात धरून राहिला. साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बऱ्याच वेळाने त्यांनी हात पुढे करून ती घेतली.

त्या गुरुवारी आणि पुढच्या गुरुवारी मालन पिशवी घेऊन बसनेच मनोरीला गेली. जे दोन ड्रायव्हर आले ते, कोणत्या आजाराचे पेशंट बसतात हे कळल्यावर, आल्या पावली परतले. पाहुणे येऊन गेले. त्यांच्यातला एक जण, मालन सांगत होती, त्या झाकणाजवळ बसून हे कुणी केलं म्हणून विचारत होता, आणि साहेबांनी नाव सांगितलं, पुढे काही नाही. महिनाभर अंबादास लवूच्या शेडमध्ये पत्रे कापत होता. मग विक्रोळीच्या त्याच्या खोलीवर संस्थेचा शिपाई निरोप घेऊन आला, उद्यापासून गाडीवर या. त्याची बायको द्रौपदी भाकरी थापत होती, तिने तिथूनच विचारलं, "माफीचा कागद मागितलाय का?" शिपायाने नाही म्हणून सांगितलं. "मागितला तरी मिळायचा नाही," अंबादास म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो आवारात हजर होता.